बोटभर अंतर

नाट्यगृहात छताला जड सामान टांगायचा परवाना फक्त दाजींकडे होता. काल ते आजारी पडले, तर मेव्हण्याने परस्पर स्पीकर टांगून टाकला.

"रात्रभर हलला नाही, दाजी! कागद हवाय कशाला?"

"त्याच्याखाली माणसं बसणारेत, शहाण्या," म्हणत दाजी शिडी चढले.

साखळीचा हुक रिकामा होता. त्याच्याखाली बोटभर अंतर सोडून स्पीकर नुसताच हवेत थांबला होता. वायरही जोडलेली नव्हती.

दाजींनी दोनदा डोळे चोळले, पण शिस्त म्हणजे शिस्त. स्पीकरला सुरक्षेची तार बांधायला त्यांनी हात पुढे केला.

स्पीकर अदबीने मागे सरकला आणि खाकरला. "आधी परवाना दाखवा."

दाजींनी खिसे चाचपले. परवाना खाली कोटात राहिला होता.

"अरे, शिडी घट्ट धर!"

"धरली असती, दाजी," मेव्हणा खालून ओरडला, "पण ती जमीन सोडून वर गेलीय, आता हात पोचत नाही."