सशाचे कान

मॉन्ट्रियलच्या त्या कार्टून स्टुडिओत प्रत्येकाला मनासारखा नवा कॉम्प्युटर मिळणार होता. तरण्या पोरांनी टॅबलेट मागितले, बाकीच्यांनी लॅपटॉप. वीस वर्षं चित्रांत रंग भरणाऱ्या सोलांजने मात्र हट्टाने भलामोठा डेस्कटॉप मागितला.

तिचा साहेब रेमों हसला. "अगं, लॅपटॉप घे की! कुठेही बसून काम करता येतं. हे धूड काय घरी उचलून नेणार आहेस?"

"नाही ना. म्हणूनच तर हवंय."

"आणि अचानक काही काम निघालं तर?"

 

"मागच्या वर्षी निघालं होतं, रेमों. आईच्या अंत्यविधीला चर्चच्या पहिल्या बाकावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन, तुझ्या सशाचे कान रंगवत बसले होते मी."