नेहमीसारखा

बायकोने माझ्यावर माहितीपट करायला घेतला आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "तू फक्त नेहमीसारखा वाग." आयुष्यभर नाटकं बसवलेल्या माणसाला त्यात काय अवघड? मी नेहमीसारखं वागण्याची तालीमच सुरू केली.

आधी तिला कॅमेरा डावीकडे घ्यायला लावला, कारण उजवीकडून माझं टक्कल दिसतं. मग खिडकीपाशी विचारात गढून उभं राहायचं ठरवलं, तर मागचा पडदा डोळ्यांत खुपायला लागला. तो बदलून घेतला. चार तऱ्हांनी सहज हसून दाखवलं आणि त्यातलं कुठलं सहज वाटतं, तेही तिलाच विचारलं. ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. सगळं मनासारखं जमलं की मी घसा खाकरून म्हणायचो, "हं, आता कर सुरू." ती निमूट बटण दाबायची आणि मी नेहमीसारखा वागायला लागायचो.

पहिल्या खेळाला माझे सगळे नट आले होते. पडद्यावर मी टक्कल लपवत होतो, बायकोला पडदा बदलायला लावत होतो, चार तऱ्हांनी हसून दाखवत होतो. मागच्या रांगेतून कुणीतरी हसता हसता म्हणालं, "अगदी हुबेहूब सर." विचारात गढलेला मी मात्र शेवटपर्यंत आलोच नाही.

मी अंधारातच बायकोच्या कानाशी लागलो. "मी 'कर सुरू' म्हटलं की तू बटण दाबायचीस ना?"

"दाबायचे की," ती म्हणाली. "बंद करायला."