माझंही पथ्य
टेंभी नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर आमच्या दोघांचे रक्ताचे रिपोर्ट बघत होते. ह्यांची साखर जराशी वाढलेली निघाली, तर अर्धा तास त्यावरच चर्चा. "वहिनी, लिहून घ्या. साहेबांचा भात कमी करा, तळलेलं बंद, सकाळी मेथीचं पाणी द्या." मी निमूट लिहीत गेले. मग माझा रिपोर्ट. हिमोग्लोबिन सात. "बायकांचं असतंच कमी. गोळ्या देतो," म्हणत डॉक्टरांनी तो मिटलासुद्धा. "डॉक्टर, जिना चढताना मला मधेच पायरीवर बसावं लागतं. तेही असतंच?" हे हसून म्हणाले, "अगं, घरी बोलू ना." माझं डोकंच सटकलं. मी पेन ह्यांच्या हातात कोंबलं आणि रिपोर्ट पुन्हा उघडून डॉक्टरांपुढे सरकवला. "सात का झालं, ते आधी सांगा. मी काय खायचं, ते हे लिहून घेतील. करूनही हेच घालतील."