घोड्याचा स्क्रू

पंच्याऐंशी साली, धान कापणीच्या तोंडावर, श्रीहरीनं आपली बंदूक वडशाच्या अयूब मिस्त्रीपुढं आदळली. रानडुकरं हाकलायला परवान्यावर घेतलेली ती बंदूक. तिचा घोडा जाम झाला होता आणि तो खोलायचा तर त्याचा स्क्रू काही केल्या फिरेना.

"बायकोले सांगून रोज तेल टाकवलं, तरी हा हालत नाई! आज बंदूक चालली पायजे मिस्त्री. त्या खुशालले वावराच्या धुऱ्यावरच आडवा करतो. सक्का भाऊ असला म्हणून काय झालं?"

त्याची बायको कांता मागं उभी होती. तिचा एक गाल सुजलेला.

अयूबनं बंदूक उचलून तिचा गंजलेला स्क्रू नाकाजवळ नेला. तेलाचा मागमूस नव्हता. वास येत होता तो आंब्याच्या लोणच्याच्या खाराचा. त्यानं वर पाहिलं. कांता त्याच्याकडेच बघत होती, आणि तिनं नजर काही खाली घातली नाही.

"काऊन मिस्त्री, निघते का नाई?" श्रीहरी खेकसला.

"जोर लावून पाहतो ना भाऊ," म्हणत अयूबनं पेचकस उचलला.



आणि स्क्रूची उरलीसुरली खाच त्यानं श्रीहरीच्या डोळ्यांदेखत घासून पार गुळगुळीत करून टाकली.