बहात्तर तासांची मुदत

पडद्यावर लाल आकडे उलटे पळत होते. एकाहत्तर तास, एक्केचाळीस मिनिटं. नीळकंठ गजभिये खुर्चीच्या टोकावर बसून ते बघत होते.

आकड्यांखाली मोडक्यातोडक्या हिंदीत मजकूर होता. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे. किल्ली हवी तर पैसे पाठवा. मुदत संपली की किल्ली कायमची नष्ट.

कुलूप लागलं होतं ते त्यांच्या बायकोच्या, आशालताबाईंच्या आवाजाला. फेब्रुवारीत नागपूरला त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि कर्करोगानं धरलेलं स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधीचे पंधरा दिवस त्या रोज या संगणकापुढे बसून बोलल्या होत्या. तीनशे बारा वाक्यं. ‘चहा ठेवू काय?’ ‘दार लावून घ्या.’ ‘श्रद्धा, पोचली का फोन करजो.’ बटण दाबलं की त्यांचा आवाज यायचा, अगदी हुबेहूब. आज एकही बटण बोलत नव्हतं.

चूक नीळकंठरावांचीच. तहसिलीत पस्तीस वर्षं बाबूगिरी केलेला माणूस. मुदतीचं पत्र दिसलं की उत्तर दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. आज मेल आली: पेन्शनची तपासणी, एका तासात उत्तर द्या. सोबत एक फाइल. उघडायची का, असं संगणकानं दोनदा विचारलं. यांनी दोनदा हो म्हटलं. वरून कुणी विचारलं की हो म्हणायचं, एवढंच नोकरीनं शिकवलं होतं.

शिक्षिका असलेली मुलगी श्रद्धा शाळेतून अर्धी सुट्टी टाकून धावत आली. आधी तिनं इंटरनेटची वायर उपटली. मग टेबलावरची काळी हार्ड डिस्क पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, हे डिस्क जोडूनच ठेवली होती?"

"हौ. काढली तं हरवते ना, बेटा."

हरवली नाही खरी. पण जपून ठेवलेली प्रत चोवीस तास त्याच संगणकाला चिकटून होती, त्यामुळे चोरानं एका फेरीत दोन्हींना कुलूप ठोकलं.

मागे पलंगावर आशालताबाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी लिहिलं, उठल्या आणि वही नवऱ्यापुढे धरली.

"थांब ना, आशा. तुयासाठीच करून राह्यलो," पडद्यावरची नजर न काढता नीळकंठराव म्हणाले.

बाई श्रद्धाकडे वळल्या. श्रद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून होती. असल्या काही जुन्या कुलपांच्या किल्ल्या जाणकारांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेल्या असतात. हे कुलूप नवं निघालं.

"मम्मी, एक मिनट," ती म्हणाली.

त्या एका मिनटाचा अर्धा तास झाला. बाई परत जाऊन बसल्या आणि पुन्हा लिहू लागल्या.

"एफडी मोडतो मी," नीळकंठराव अचानक म्हणाले.

"बिल्कुल नाही, बाबा. पैसे देऊन बी किल्ली देतीन, याचा काही भरोसा नाही. उलट समजतीन का हा देनेवाला आदमी आहे. सायबरवाल्यायले तक्रार देऊ. मंग हे सारं पुसून नवं टाकू."

"पुसून?" म्हातारा ओरडला. "तुया मायचा आवाज पुसतं? चाळीस वर्षं ऐकला थो मी. मले थो पायजे, बस!"

त्यांचा आवाज फाटला. श्रद्धाच्याही डोळ्यांत पाणी आलं. आईचा आवाज तिलाही हवाच होता.

वही पुन्हा आली. या वेळी बाईंनी ती टेबलावर आपटली. नीळकंठरावांना कागद हवाच होता. पैसे कुठे पाठवायचे त्याचा पत्ता पडद्यावर होता, अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब ओळ. त्यांनी ती त्याच पानावर तळाशी उतरवून घेतली, एकेक अक्षर बोटानं तपासत. मग वही काखोटीला मारली आणि चपला शोधल्या. बसस्टँडजवळचा धर्मेंद्र असले परदेशी पैसे पाठवून देतो, असं त्यांनी ऐकलं होतं. पडद्यावर आता एकोणसत्तर तास, बावन्न मिनिटं उरली होती.

श्रद्धा दारात आडवी उभी राहिली.

"बाजूले हो."

"नाही होत."

तिनं वही ओढली. त्यांनी सोडली नाही. त्या झटापटीत वही खाली पडली आणि तेच पान उघडं पडलं. दोघंही उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

तळाशी चोरांचा पत्ता होता, नीळकंठरावांच्या सुबक कारकुनी अक्षरात. वर बाईंचं अक्षर. सुरुवातीला बारीक, नीटस. पुढे मोठं मोठं होत गेलेलं.

‘परसवाड्याले माया बहिणीपाशी, रचनापाशी पेन ड्राइव्ह हाय. सारे वाक्य हायेत त्यात. ऑपरेशनच्या आधीच देऊन ठेवला.’

‘श्रद्धा बरोबर सांगून राह्यली. पैसे देऊ नका. पुसू द्या तिले. पुसल्यावरच पेन ड्राइव्ह लावजा.’

‘वाचा ना.’

शेवटची ओळ लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं होतं की कागद फाटला होता.

‘दोन घंटे झाले, मी बोलून राह्यली.’