टाकीतलं पाणी

खडीतली टोमॅटोची रोपं पुन्हा पिवळी पडली होती. रविवारी वस्तीतली माणसं बघायला येणार आणि त्यांना दाखवायचं काय, तर ही कावीळ. कृष्णातला रडू यायचंच बाकी होतं. तो निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्यांनाही मातीवाचून शेती करता येते, असं त्याने वस्तीला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं.

मांडणी सोपी होती. घरामागच्या परड्यात सिमेंटची टाकी, टाकीत रोहूची पिल्लं. टाकीतलं पाणी बादलीने खडीवर ओतायचं. माशांच्या घाणीवर रोपं पोसतात आणि खडीतून निथळलेलं पाणी स्वच्छ होऊन माशांकडे परत येतं. मासे तर झकास वाढत होते. रोपंच का उपाशी, ते कळेना.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी येऊन बघतो तर आई, कोंडाबाई, टाकी उपसत होती. घाण पाणी कुंपणापलीकडे, मारुतीरावांच्या खालच्या शेतात फेकत होती आणि नुकत्याच आलेल्या नळाचं पाणी टाकीत भरत होती.

"रोज करतीस हे?"

"व्हय," कोंडाबाई म्हणाली. "मारुतीरावाच्या हिरीवर आमी घागर धरून खाली उभं ऱ्हायचो. दया आली तर कुणीतरी वरनं वतायचं. न्हायतर वढ्याचं गढूळ. माज्या दारात कुणी घाण पाण्यात ऱ्हायचं न्हाय. मासा बी न्हाय."

कृष्णातचा राग कुठल्या कुठे गेला.

"आई, ती घाण न्हाय. झाडांचं जेवण हाय ते. झाडं जेवली की पाणी निवळतंय."

"मग रोज त्यांच्या तोंडचा घास काढला की रं मी," ती म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं. तेव्हापासून खडीवर पाणी तीच घालू लागली. रविवारचं बघणं पुढे ढकलून वस्तीला पुढचा महिना सांगितला. माणसं आली तेव्हा रोपं हिरवीगार होती, फुलं धरली होती आणि कृष्णातची छाती फुगली होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून, खालच्या शेतातून हाक आली. मारुतीराव घागर घेऊन उभे होते.

"कोंडाक्का, पाणी सोडायचं का गं बंद केलंस? त्या पाण्यावर माजी वांगी लई तरारलीती. हिरीच्या पाण्याला तो कस न्हाय. घागरभर तरी दे."

सगळी वस्ती कुंपणाकडे वळली. कोंडाबाईने टाकीतून बादली भरली आणि ती कुंपणाशी गेली.

"धरा खाली," ती म्हणाली. "वरनं वतते."