एकट्यापुरतं

कुलदीपची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा नत्थुजी गॅसचं सिलिंडर पलंगाखाली ढकलत होते. वरून त्यांनी पोतं टाकलं, दुखरा गुडघा चोळला आणि न लंगडता बाहेर आले.

मागच्या महिन्यात सोलरची पाटी पुसताना ते शिडीवरून पडले होते. शेजारच्या खुशालरावांच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांनी लगेच अमरावतीत राहणाऱ्या कुलदीपला फोन लावला. तेव्हापासून नत्थुजींच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आता पोरगा येणार, आपल्याला उचलणार आणि राजापेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवणार. मग अकोल्याचं हे घर वाळून जाणार.

बायको गेल्यावर त्यांनी इथं एकेक गोष्ट स्वतःच्या हातानं उभी केली होती. अंगणात पावसाच्या पाण्याचं टाकं, मागे खरकट्यावर चालणारा गॅस, गच्चीवर भाजीपाला. हे सोडून जाणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखंच होतं.

"गुडघा कसा हाय, बाबा?" पाया पडून कुलदीपनं विचारलं.

"टकाटक. सूनबाई अन् पोरं बरी हायेत?"

"बरी हायेत."

"चहा घेतं?"

"आधी घर पाहू."

लहानाचा मोठा झाला ह्या घरात, आणि म्हणे घर पाहू! नत्थुजी त्याच्या मागोमाग निघाले.

कुलदीपनं अंगणातल्या टाक्याचं झाकण उचलून आत डोकावलं.

"मृगापर्यंत पुरते हे पाणी?"

"पुरते. बोअरच्या खाऱ्या पाण्याले मी हात लावत नाही."

"हो, एकट्याले पुरत असन."

"एकट्याले काहून? दहा माणसं आली तरी पुरते!"

आत अंधार होता म्हणून बरं. टाकं अर्धंसुद्धा नव्हतं.

कुलदीप मागच्या दारी गेला. "ह्या गॅसवर पुरा सयपाक होते?"

"दोन्ही टायमाचा."

"अन् पाहुणे आले तर?"

"येऊ दे ना! पुरणपोळीचा होते."

खरं म्हणजे चहा उकळेपर्यंतच ती आच दम तोडायची. सकाळची भाजी सिलिंडरवरच झाली होती. पण थापच मारायची तर ती अर्धी कशाला मारा?

गच्चीवर नत्थुजींनी वांगी दाखवली, टमाटे दाखवले, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी तोडून पोराच्या नाकाशी धरली. कुलदीपचं लक्षच नव्हतं. तो वरच्या खोलीच्या दारात उभा होता. खोलीत पालापाचोळ्याची आणि खताची पोती रचलेली होती. त्यानं पावलं टाकून खोलीची लांबी पाहिली.

"हे खोली रिकामी होईन का, बाबा?"

"काहून?"

"असंच."

असंच! नत्थुजींचं डोकं फिरलं. बाप अजून चालताबोलता आहे आणि ह्यानं भाडेकरूसुद्धा ठरवला!

"होते," ते दातओठ खात म्हणाले. "एका दिवसात करतो. ताकद हाय अजून माह्या अंगात."

जेवताना कुलदीप खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. फोन दोनदा वाजला, त्यानं तो पालथा घातला. नत्थुजींनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मी अमरावतीले येत नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"मी कुठं म्हणलो?"

"मनात हाय तुह्या. तुह्या फ्लॅटात कुंडीतली तुयस टिकली नाही, मी काय टिकीन? मी इथं ठणठणीत आहो."

कुलदीप घोटभर पाणी प्यायला.

"खरंच तुमाले कशाची अडचण नाही?"

"नाही."

"नक्की?"

"तुह्या मायची आन."

एवढ्या मोठ्या शपथेनंतर नत्थुजींना स्वतःलाच कसंतरी झालं. पण कुलदीपचा चेहरा मोकळा झाला होता. हरला पोरगा, त्यांना वाटलं, आणि इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. म्हातारपणी घर राखलं होतं त्यांनी.

निघताना ते टोपलीभर वांगी घेऊन फाटकापर्यंत आले. लंगडणं लपवायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"राहू द्या इथंच," कुलदीप म्हणाला. "येतो मग, बाबा."

"ये, ये. सावकाश जाय."

कुलदीपनं गाडीचं दार उघडलं, पण तो बसला नाही.

"तसं निरोपाचं 'येतो' नाही, बाबा," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "पोळ्यापासून नोकरी नाही मले. फ्लॅट खाली करून राहिलो. पुढच्या आठवड्यात आमी चौघंबी येतो. राहाले."